कपाटात काय आहे ते आधी बघू

सकाळी पावणेआठ

चहाचा कप हातात असतानाच फोन वाजला. कोथरूडहून. काल नवा टीव्ही बसवला, त्याला जुना डीव्हीडी प्लेअर जोडला, तर चित्र काळं-पांढरं येतंय. प्लेअर गेला का? नवा घ्यावा लागेल का?

मी विचारलं, पिवळी पिन कुठे लावलीत? म्हणाले, टीव्हीला पिवळं भोकच नाही, म्हणून हिरव्याला लावली. लावली होती ती अगदी बरोबर. आताच्या बऱ्याच टीव्हींना जागा वाचवण्यासाठी त्या हिरव्या सॉकेटवर दोन कामं दिलेली असतात. चूक होती ती रिमोटवर. तिथे त्यांनी 'कॉम्पोनंट' निवडलं होतं. 'एव्ही' निवडा म्हटलं. मिनिटभर शांतता, मग आतून बायकोचा आवाज आला, "आले, रंग आले!"

नवा टीव्ही घरात आला की दोष आधी जुन्या प्लेअरवर येतो. पंचवीस वर्षं नारायण पेठेत ह्याच वस्तू उघडतोय, म्हणून सांगतो, दहातल्या सहा वेळा प्लेअर निर्दोष असतो.

साडेनऊ

शटर वर केलं, पायरीवर पाणी मारलं, उदबत्ती लावली. टेबलावर कालचे चार प्लेअर आडवे पडलेत. एकेकाला चिठ्ठी चिकटवलेली आहे : 'डिस्क घेत नाही', 'ट्रे अडकतो', 'अधूनमधून थांबतो', 'बंद'.

'बंद' सगळ्यात सोपा. झाकण काढताच पॉवर सप्लायमधला एक कपॅसिटर डोकं फुगवून बसलेला दिसला. तो बदलला, मल्टीमीटर लावला, पाच व्होल्ट नीट आले.

'डिस्क घेत नाही' ह्या तक्रारीला जरा वेळ द्यावा लागतो. लेन्सवर धूळ असते तेव्हा कापसाच्या काडीला थेंबभर आयसोप्रोपिल लावून अलगद फिरवलं की भागतं. नाहीतर आतला लेसर थकलेला असतो, मग अख्खा पिकअप बदलायचा. आपल्याकडे सर्वांत जास्त चाललेल्या पिकअपांचे नंबर एचडी ६२ आणि एचडी ६५. गिऱ्हाईक बिलावर 'एचडी' वाचतं आणि विचारतं, म्हणजे आता चित्र एचडी येईल ना? नाही येणार. ते नुसतं नाव आहे. डिस्कवर जे कोरलंय त्याच्या पलीकडचं कुठलीही लेन्स वाचू शकत नाही.

साडेअकरा

काका पुढे, काकू मागे. काकूंच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला प्लेअर. माणसं वस्तू कशात गुंडाळून आणतात त्यावरून ती घरात किती जपलेली आहे ते कळतं.

काका म्हणाले, "मुलानं दिवाळीत त्रेचाळीस इंची फोर-के टीव्ही घेऊन दिला. चॅनलं झकास दिसतात. पण आमचं नाटक लावलं की चेहरे ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे. जुन्या एकवीस इंचीवर इतकं छान दिसायचं! टीव्हीच्या दुकानात सांगितलं, ब्लू-रे प्लेअर घ्या, त्याशिवाय सुधारणार नाही."

काकू मध्येच म्हणाल्या, "दादा, मला एवढंच सांगा. घ्यायचा की नाही?"

प्लेअर बघून मी ह्याचं उत्तर देत नाही, आणि टीव्ही बघूनही नाही. आधी मी एक हिशोब मांडतो. तोच कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवला.

आपल्याकडच्या डीव्हीडीवर चित्र असतं आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. एकूण ४,१४,७२०. फुल एचडी पडद्यावर ठिपके असतात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००, बरोबर पाचपट. काकांच्या फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर वीसपट. डीव्हीडीतल्या एका ठिपक्याच्या जागी त्या पडद्याला वीस ठिपके भरायचे आहेत. त्यातला एक खरा, बाकीचे एकोणीस शेजारपाजारचे रंग बघून अंदाजानं भरलेले. व्हीसीडीवर तर ३५२ गुणिले २८८ एवढेच ठिपके. तिथे एकाचे जवळजवळ ब्याऐंशी करायचे.

"मग जुन्या टीव्हीवर चांगलं कसं दिसायचं?" काकांनी विचारलं. रास्त प्रश्न. त्यांच्या डोळ्यांना भास होत नव्हता, तिथे खरंच चांगलं दिसायचं. एकवीस इंचीच्या मानानं त्रेचाळीस इंची पडद्याचं क्षेत्रफळ पावणेचार पट आहे, आणि बसायची खुर्ची मात्र होती तिथेच. शिवाय पिक्चर ट्यूबमध्ये प्रत्येक ओळ शेजारच्या ओळीत किंचित मिसळते, त्यात बारीकसारीक उणिवा झाकल्या जातात. नव्या पडद्यावर एकेक ठिपका आपल्या चौकटीत ठळक उभा राहतो. तो काही झाकत नाही.

बोलता बोलता मी त्यांचा प्लेअर उलटा केला. मागे पिवळी-लाल-पांढरी सॉकेटं, त्यांच्या शेजारी काळं प्लास्टिकचं टोपण. टोपणाखाली एचडीएमआयचं सॉकेट, कोरं करकरीत. घेतला तेव्हा घरच्या टीव्हीला तसलं सॉकेट नव्हतं, म्हणून टोपण कधी निघालंच नाही.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, "काकू, घरात जेवढ्या डिस्क आहेत तेवढ्या सगळ्या घेऊन संध्याकाळी या. चालतात त्या, चालत नाहीत त्याही. कपाटात काय आहे ते आधी बघू, मग प्लेअरचं बोलू."

दुपारी एक

डबा खायच्या आधी बुधवारातल्या तपकीर गल्लीत जाऊन आलो. दोन पिकअप, ट्रेचे रबरी पट्टे, अडीचशेची दीड मीटर एचडीएमआय केबल. हजार रुपयांचीही केबल मिळते, सोनेरी टोकांची, जाळीदार. दीड मीटरला साध्या धड केबलवर जे चित्र येतं तेच महागडीवर येतं. माझ्या टेबलावर दोन्ही लावून बघितल्या आहेत.

दुकानदारानं नेहमीप्रमाणे एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टरची छोटी डबी पुढे केली. पिवळी वायर एका बाजूला घाला, दुसरीकडून एचडीएमआय काढा. ही डबी मी चित्र सुधारण्यासाठी कुणाला देत नाही. टीव्हीला जुनं सॉकेट अजिबातच नसेल तर नाइलाज, तेवढ्यापुरती ठीक. पण चित्राचं जे नुकसान व्हायचं ते पिवळ्या वायरीत शिरतानाच होऊन गेलेलं असतं. पुढे ते कितीही चांगल्या सॉकेटातून काढलं तरी नासलेल्या दुधाचं पुन्हा दूध होत नाही. त्याच पैशांत थोडी भर घातली तर एचडीएमआयवाला साधा डीव्हीडी प्लेअर येतो.

दुपारी अडीच

एक तरुण आला. घरी प्रोजेक्टर आहे, भिंतीवर शंभर इंची चित्र पडतं. लंडनची बहीण येताना डिस्क आणते, सिनेमाचं वेड आहे. आत्तापर्यंत डीव्हीडी बघायचा. त्याचाही प्रश्न तोच, काकांचाच : प्लेअर बदलू का?

त्याला मी ताबडतोब हो म्हटलं. सकाळी काकांना थांबवलं आणि दुपारी ह्याला हो म्हटलं, ह्यात काही विसंगती नाही. त्याच्या कपाटात यायच्या डिस्क वेगळ्या आहेत, आणि त्याच्या भिंतीवर प्रत्येक उणीव शंभर इंची होऊन दिसते.

त्याला खरी उत्सुकता होती आत काय बदलतं ह्याची. मलाही हे सांगायला आवडतं. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, लालभडक. ब्लू-रेचा ४०५, निळ्या-जांभळ्याच्या सीमेवरचा. लहरीची लांबी जितकी कमी तितका लेसरचा ठिपका बारीक पडतो, आणि ठिपका बारीक म्हणजे रेघाही जवळजवळ कोरता येतात. डीव्हीडीवर दोन रेघांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, ब्लू-रेवर ०.३२. म्हणून तेवढ्याच चकतीवर डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात आणि ब्लू-रेच्या एका थरात २५. डीव्हीडीवर चित्राचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट, ब्लू-रेवर ४०. अंधारातला धूर, पाऊस, गर्दीतले चेहरे इथे हा फरक डोळ्यांना दिसतो, तो बघायला तज्ज्ञ असावं लागत नाही.

एक सावधगिरी सांगितली. डीव्हीडीला भारताचा विभाग ५ आणि इंग्लंडचा २. ब्लू-रेला आपला सी, त्यांचा बी. बऱ्याच ब्लू-रे तिन्ही विभागांत चालतात, पण सगळ्या नाहीत, तेव्हा बहिणीला पाकिटाची मागची बाजू बघून घ्यायला सांग. २०१६ पासून ज्या फोर-के अल्ट्रा एचडी ब्लू-रे आल्या त्यांना मात्र विभागाची अट नाही. पण त्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालत नाहीत, त्यांना त्यांचाच प्लेअर लागतो. त्याचा प्रोजेक्टर फुल एचडी आहे, म्हणून आज त्याला साधा ब्लू-रे पुरे.

माझ्या फळीवर एक एचडी डीव्हीडी प्लेअर आहे. एका गिऱ्हाइकानं २००७ साली अमेरिकेतून हौसेनं आणला होता. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबानं तो प्रकारच सोडून दिला आणि ब्लू-रे तेवढी उरली. यंत्र अजून उत्तम चालतं, पण त्याला नवी डिस्क मिळत नाही. त्या तरुणाला तो हातात दिला. प्लेअर घेताना डिस्क कुठून येणार हे विचारायचं, ते अशासाठी.

संध्याकाळी पाच

काकू बुटांचा खोका घेऊन आल्या. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून तिघांनी मिळून डिस्क लावल्या. चौतीस व्हीसीडी, एकोणीस डीव्हीडी, आणि मार्करनं नावं लिहिलेल्या पाच घरच्या. व्हीसीडीचा गठ्ठा मोठा असणारच. तीवर तासा-सव्वातासाचंच मावतं, तेव्हा एकेका नाटकाला दोन-दोन, तीन-तीन चकत्या. ब्लू-रे एकही नाही.

माझ्या भिंतीवर चाळीस इंची फुल एचडी टीव्ही आहे. दुपारी त्यांचा प्लेअर उघडून लेन्स पुसून ठेवली होती. आधी पिवळ्या वायरीवर त्यांचीच एक डीव्हीडी लावली, मराठी सिनेमाची. एका प्रसंगात बाईच्या अंगावर बारीक रेघांचं इरकली लुगडं आहे. ती वळली की त्या रेघांवर कुठून तरी हिरवी-जांभळी झाक पोहत जायची. लाल कुंकवाच्या कडेनं मुंग्या चालल्यासारखे ठिपके.

"हे आमच्याकडेही दिसतं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं डिस्क जुनी झाली."

डिस्कचा त्यात दोष नाही. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकत्र कोंबून पाठवलेले असतात. टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात, आणि बारीक रेघा आल्या की त्याची फसगत होते. रेघ कुठली आणि रंग कुठला हे त्याला कळत नाही.

मग टोपण काढून एचडीएमआय लावली. तीच डिस्क, तोच प्रसंग. ती बाई वळली आणि लुगड्याच्या रेघा रेघाच राहिल्या. मुंग्या गेल्या. काका खुर्ची पुढे ओढून बसले.

अजून एक काम बाकी होतं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही शेप' अजून जुन्या टीव्हीचा होता, ४:३ लेटरबॉक्स. रुंद पडद्याचा सिनेमा असला की प्लेअर वर-खाली काळ्या पट्ट्या घालून चित्र ४३२ ओळींत बसवत होता. डिस्कवर ५७६ ओळी असताना १४४ ओळी नुसत्या काळ्या रंगात जात होत्या, आणि उरलेलं चित्र टीव्ही ताणून मोठं करत होता. चेहरे पुसल्यासारखे दिसायचं मोठं कारण हे. १६:९ केलं. मग टीव्हीची 'शार्पनेस' खाली आणली, 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' केलं. दुकानात दहा टीव्हींच्या रांगेत उठून दिसावं म्हणून जे भडक करून ठेवलेलं असतं ते घरात जुन्या डिस्कच्या मुळावर येतं. कडांना पांढरी किनार येते, कातडी प्लास्टिकची दिसते.

काका एकच वाक्य बोलले, "तिच्या नथीतला मोती दिसला."

नंतर व्हीसीडी लावली. तिथे मी त्यांना आशा लावली नाही. नाटक चालू झालं, रंगमंचावर अंधार झाला आणि अंधाराचे चौकोन चौकोन दिसायला लागले. एचडीएमआयनं इथे फारसं काही होत नाही. १९९० च्या दशकात सीडीवर सिनेमा मावावा म्हणून चित्र इतकं दाबलं गेलं की चौकोन त्या डिस्कवरच कोरलेले आहेत. त्याला उपाय एकच, आणि तो फुकट आहे : खुर्ची मागे घ्या. घरी पाच फुटांवर बसता, नाटकाच्या दिवशी नऊ फुटांवर बसा. दुकानातच मागे भिंतीला टेकून बघायला लावलं. संवाद ऐकू येत होते, हावभाव दिसत होते, चौकोन विरले.

"आणि ब्लू-रे घेतला तर?" काका.

"तुमच्या एकोणीस डीव्हीडी त्यावर दिसतील, आत्ता दिसतायत तशाच. फार तर उन्नीस-बीस. आणि ह्या चौतीस व्हीसीडी सगळेच ब्लू-रे प्लेअर घेतात असं नाही. काही सरळ नाही म्हणतात. म्हणजे पैसे घालून नाटकं बंद पडायची."

प्लेअरवर '१०८०पी अपस्केलिंग' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याचंही काकांनी विचारलं. त्याचा अर्थ एवढाच की ते अंदाजाचे ठिपके टीव्हीऐवजी प्लेअर भरतो. कुणीतरी भरायचेच असतात. दोन्ही प्रकारे लावून बघा, डोळ्यांना बरं वाटेल ते ठेवा. डिस्कवर नसलेलं त्यातून येत नाही.

काकूंनी चौतीस व्हीसीडींचा गठ्ठा स्वतःच रबर लावून पुन्हा खोक्यात ठेवला. ठरलं. केबलचे अडीचशे आणि लेन्स पुसल्याचे शंभर.

घरच्या पाचांपैकी चार चालल्या. पाचवीवर लिहिलं होतं, 'आईची पंचाहत्तरी, २००४'. व्हिडिओ कॅसेटवरून कुणाकडून तरी उतरवून घेतलेली डीव्हीडी-आर. एक्केचाळिसाव्या मिनिटाला अडकली. पुढे नेली, पुन्हा तिथेच. काकू काही बोलल्या नाहीत, पदर मुठीत धरून उभ्या राहिल्या. कॅसेट कुठे आहे विचारलं. पुरात भिजली, टाकून दिली.

दुकानातून आणलेली डीव्हीडी कारखान्यात ठसा उमटवून बनते. घरी लिहिलेली मात्र रंगाच्या पातळ थरावर लेसरनं भाजलेली असते, आणि तो रंग ऊन-उबेनं विटतो. डिस्क उजेडात धरली तर कडेकडचा भाग आतल्यापेक्षा फिकट वाटत होता. म्हटलं, ठेवून जा. काय होतं ते बघतो.

रात्री आठ

दुकानाची आवराआवर चालू असताना काकूंचा फोन. "दादा, लावलं सगळं. पण नाटकाला दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतायत. हे म्हणतात, बटण दाबून पूर्ण पडदा भरतो. भरू का?"

भरू नका म्हटलं. नाटकाचं चित्रीकरण जुन्या टीव्हीच्या मापाचं आहे. ताणलं तर पडदा भरेल, पण माणसं आडवी पसरतील. मागे काकांचा आवाज आला, "तरीच! गेले चार महिने तो नट मला सुटल्यासारखा वाटत होता."

रात्री साडेनऊ

दुकानातला पोरगा घरी गेला. मी शटर अर्धं ओढून मागच्या कॉम्प्युटरवर बसलोय. पंचाहत्तरीची डिस्क पाण्याच्या हातानं पुसली, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. माझ्याकडे वेगवेगळ्या वर्षांचे तीन ड्राइव्ह आहेत. एक ड्राइव्ह ज्याला नाही म्हणतो ते दुसरा कधीकधी वाचतो, म्हणून जुने टाकत नाही. पहिल्यानं डिस्क ओळखलीच नाही. दुसरा एक्केचाळिसाव्या मिनिटाला थांबला. तिसऱ्याला अगदी हळू चालवलं, अडेल ती जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावली. ड्राइव्हची घरघर वाढते, थांबते, पुन्हा सुरू होते. ह्या कामाला घाई चालत नाही. मधल्या वेळात मी उद्याच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

पावणेअकराला उतरवून झाली. नवी प्रत केली, एक पेन ड्राइव्हवरही घेतली. तपासायला टेबलाखालचा चौदा इंची ट्यूबचा टीव्ही काढला. असल्या चित्रीकरणाला मी अजून तोच लावतो, ते त्याच पडद्यासाठी झालेलं आहे. हिरव्या नऊवारीतली म्हातारी पाटावर बसलीय, पुढे निरांजनाचं ताट, सुना ओवाळतायत. एक्केचाळिसाव्या मिनिटाला चित्र हलतं, आवाज तुटतो, आणि लगेच ती बोलताना पुन्हा दिसते. कुणाच्या तरी पोराला जवळ बोलावतेय, पेढा त्याच्या तोंडापाशी धरून.

चिठ्ठीवर लिहिलं : 'दोन सेकंद गेले. बाकी सगळं आहे. मूळ डिस्क परत द्यायची. अंधारात, उभी ठेवायला सांगणे.'